तुमचंच खरं, जी

कारंजा घाडगेच्या हमरस्त्यावर, एसटी स्टँडच्या अंगाला, नत्थूजी मानमोडे यांचं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान होतं. माणूस कसा, तर गिऱ्हाईक जे म्हणेल त्याला 'हाव जी'. कोणी म्हणालं यंदा पाऊस लवकर येतो, हाव जी. त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, म्हणाला कशाचा पाऊस यंदा, तर त्यालाही हाव जी! गावात त्यांना पाठीमागं हावजीच म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. पण दुकानदारानं गिऱ्हाइकाशी वाद घालून चालतं होय? गल्ल्यावर बसलं की जीभ आवरायची, धंदाच तसा. बरं, घरी जावं तर तिथं लीलाबाई. त्या बाईपुढं नत्थूजींचं एक वाक्य कधी पुरतं संपलं असेल तर शपथ.

ही त्र्याऐंशीच्या मे महिन्यातली गोष्ट. जेवणवेळ टळली की कारंज्याचा रस्ता ओस पडायचा. ट्रकवाले ढाब्यावरच्या बाजांवर आडवे, कुत्री नालीत आणि माणसं कूलरपुढं. भुतं म्हणे रात्रीची निघतात! अहो, उन्हाळ्यात रात्री इथं अंगणाअंगणांत बाजा टाकलेल्या असतात, हात लांबवला तर घोरणारा माणूस लागतो. एकटं गाठायचं तर इकडं माणसाला भरदुपारीच गाठावं. डांबर पातळ झालेलं, झळ डोळ्यांपुढं हलते आहे, आणि हाक मारली तर ओ द्यायला कोणी नाही.

अशा एका दुपारी नत्थूजींना नागपूरला फोन करायचा होता, बस्स. कपाशीच्या बियाण्याची खेप कधी निघते, एवढंच विचारायचं. तेव्हा नंबर फिरवायची सोय नव्हती. रिसीव्हर उचलला की गावातल्या एक्स्चेंजमधून गुलाबराव ऑपरेटर "बोला जी" म्हणायचा. त्याला नंबर सांगायचा आणि ट्रंक कॉल लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं.

"लागला की घंटी देतो," गुलाबराव म्हणाला. "ठेवा आता."

नत्थूजींनी ठेवला नाही. कानाशी धरूनच कुरकुरले, "लवकर लाव बावा. लोक धूळपेरणी करतो म्हणून राह्यले. बियाणं मांगून मांगून जीव खाल्ला माहा."

गुलाबराव लाइनवरून केव्हाच गेला होता. तरी उत्तर आलं.

"केलीच पाह्यजे जी धूळपेरणी."

आवाज पुरुषाचा. वयाचा काही अंदाज लागेना. सावकाश, कोरडा आणि अगदी जवळचा. लाइनीत लाइन शिरणं तेव्हा रोजचंच होतं, त्यामुळं नत्थूजी दचकले नाहीत. फक्त एक गोष्ट त्यांना खटकली. फोनवर माणूस बोलतो तेव्हा त्याच्या मागं पंखा घरघरतो, कोणी भांडं आपटतं, निदान तो श्वास तरी घेतो. या आवाजाच्या मागं काही म्हणजे काहीच नव्हतं. आणि रिसीव्हरला एक वास येत होता, पाणी ओतून विझवलेल्या राखेचा.

नत्थूजींच्या ओठांवर सवयीनं 'हाव जी' आलंच होतं. मग त्यांच्या डोक्यात आलं, हा काही आपलं गिऱ्हाईक नाही. मी कोण हे त्याला माहीत नाही, तो कोण हे मला माहीत नाही. उद्या तोंडासमोर यायचा प्रश्नच नाही.

"नाई," नत्थूजी म्हणाले.

"काऊन नाई?"

आणि बाप्पा, धरण फुटावं तसे नत्थूजी सुटले! पाऊस पडायच्या आधी कोरड्या मातीत बी टाकून ठेवायचं, म्हणजे बी मुंग्यांच्या हवाली करायचं. एक सर येऊन उघडीप पडली की कोंब करपतो, मग दुबार पेरणी, मग रडारड. दुकानात बसून इतकी वर्षं जे जे गिळलं होतं, ते त्यांनी त्या अनोळख्याच्या अंगावर ओकलं. आवाज काही हटेना. "चुकते तुमचं," एवढंच तो म्हणायचा, आणि असा एखादा मुद्दा काढायचा की नत्थूजींना पुन्हा उसळी यावी. नागपूरचा कॉल त्या दिवशी लागलाच नाही. पण संध्याकाळी नत्थूजी घरी गेले ते कित्येक वर्षांत गेले नव्हते अशा ताठ मानेनं, आणि भाकर जास्तीची मागून खाल्ली.

दुसऱ्या दुपारी त्यांनी रिसीव्हर उगाचच उचलला. तो होता.

मग ते व्यसनच झालं. दुपारी घरी जेवायला जाणं बंद. डबा दुकानात मागवायचा, दार ओढून घ्यायचं, आणि फोन. भांडण कशावरही व्हायचं. मृग बहाराची संत्री गोड की आंबिया बहाराची. देशी कपाशी बरी की संकरित. बैलाला पोळ्याआधी विश्रांती द्यावी का नाही. नत्थूजी पूर्व म्हणाले की आवाज पश्चिम म्हणायचा. तुम्ही म्हणाल, यात गंमत ती काय? आहे, फार आहे! ओळखीच्या माणसाशी भांडायचं म्हणजे शंभर गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्याचा मान, आपली गरज, उद्याचं तोंड. अनोळख्याशी भांडताना फक्त आपण खरे असतो. आणि तो निदान ऐकून तरी घेतो हो! घरच्यांपेक्षा लक्ष देऊन ऐकतो. नत्थूजींना जिंकायचं होतं. एकदा, फक्त एकदा त्या आवाजानं 'तुमचंच खरं' म्हणावं, एवढीच त्यांची हौस उरली होती.

एकदा त्यांनी विचारलंही, "नाव काय जी तुमचं? गाव कोणतं?"

"नावाचं काय करता?" आवाज म्हणाला. "नाव कळलं का तुम्ही हाव जी म्हणान."

नत्थूजी खो खो हसले. मग हसणं थांबलं. आपलं 'हाव जी' या माणसाला कसं ठाऊक?

आणखी एका दुपारी चिडून ते म्हणाले, "आता एक गोष्ट सांगतो, तिले नाई म्हणून दाखवा. या टायमाले माह्या दुकानात मी एकटाच आहे."



"नाई जी," आवाज म्हणाला.

नत्थूजींनी मान वळवून पाहिलं. खताची पोती, तराजू, औषधांच्या डब्यांची रांग. पोत्यांमागं अंधार होता, पण तो रोजचाच. कोणी नव्हतं. 'साला पक्का वादबाज आहे,' असं म्हणून त्यांनी मनाचं समाधान केलं. पण खुर्ची मात्र सरकवली, पाठ भिंतीला लागेल अशी. दुसऱ्या दिवशी गुलाबरावला सहज विचारलं, "दुपारी माह्या लाइनवर कोण शिरते रे?"

"दुपारी कोण शिरणार जी? अर्धं गाव झोपलं राह्यते," गुलाबराव म्हणाला, आणि विषय तिथंच राहिला.

आता घरातली गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं होतं. नत्थूजींना एकच लेक, अन्नपूर्णा. सिंदी मेघेला दिली होती. जावई हरिदास वर्ध्याला नोकरीत. अनूला आठवा महिना लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. लीलाबाईनं डिंकाचे लाडू बांधायची तयारी करून ठेवली होती, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवली होती, बाळाला दूध पाजायला चांदीचं चोचीचं बोंडलं आणलं होतं. पण हरिदास काही तिला धाडायचं नाव काढीना. वर्ध्याला मोठा दवाखाना आहे, कारंज्याला काय आहे, हे त्याचं म्हणणं. तसं पाहिलं तर चुकीचंही नव्हतं. पण लेक दिवस मोजत होती. मला आईजवळ जायचं आहे, हा तिचा निरोप येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ यायचा.

मध्ये एकदा हरिदास कामानिमित्त कारंज्याला आला, घरी चहाला बसला. लीलाबाई आतून खुणा करत होती, बोला, बोला. नत्थूजींनी घसा खाकरला.

"मंग, जावईबापू, अनूचं कसं करायचं?"

"पाहू न मामाजी," हरिदास म्हणाला. "आताच घाई कायले?"

"हाव जी. तुम्ही म्हणान तसं."

तो गेल्यावर लीलाबाईनं जो तोंडाचा पट्टा सोडला! "अवो, पोरीसाठी तं एक वेळ तोंड उघडाचं! अख्ख्या जगाले हाव जी, जावयाले बी हाव जी!" पण मुलीचा बाप जावयाला उलटून बोलतो होय? उद्या राग काढायचा तो तिच्यावर काढेल. नत्थूजींचा हरिदासवरचा सगळा राग दुपारी फोनवर, कुठल्या तरी बहाराच्या नाहीतर बैलाच्या निमित्तानं, निघत राहिला.

शेवटी लीलाबाईनंच वर्ध्याला जाणाऱ्या एका नातलगाजवळ निरोप धाडला, की जावईबापूंनी काय ठरवलं ते दुकानात फोन करून सांगावं. उलट निरोप आला, उद्या दुपारी फोन करतो.

"लाइन मोकळी ठेवजा," सकाळी डबा बांधताना लीलाबाईनं बजावलं. "कोणाशी बोलत बसू नोका. माह्या अनूचा प्रश्न आहे."

"हाव," नत्थूजी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

दुपारी त्यांनी रिसीव्हरला हात लावला नाही. डबाही उघडला नाही. बाहेर लू वाहत होती, टिनाचं छप्पर मधूनच कडकड करत होतं. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज कितीतरी वेळ विरत राहिला आणि मग पार शांतता झाली. त्या शांततेत घंटी वाजली. नत्थूजींनी झडप घातली.

"हॅलो! जावईबापू?"

"नाई जी."

विझलेल्या राखेचा वास नाकात शिरला. आजवर नत्थूजीच आपण होऊन फोन उचलायचे. त्यानं स्वतः घंटी दिली, ती आज पहिल्यांदाच.

"आज मले येळ नाई," नत्थूजी घाईनं म्हणाले. "लाइन मोकळी पाह्यजे. पोरीचा फोन येणार आहे."

"मंग ठेवा न."

हात खाली निघालाही होता. तेवढ्यात आवाज म्हणाला, "पोरगी तं येणारच आहे तुमची. धाडते जावई तिले."

रिसीव्हर परत कानाला लागला. "तुम्हाले काय मालूम?"

"येईन जी. सुखरूप येईन. नातू खेळवान तुम्ही मांडीवर."

अहो, दारावरचा भिकारी असं बोलला असता तरी माणसानं त्याच्या झोळीत पसाभर जास्त घातलं असतं! तोंडात साखर पडो म्हणून पाया पडावं असे शब्द होते ते. पण इतके दिवस त्या आवाजाच्या प्रत्येक शब्दाला आडवं जाऊन जाऊन नत्थूजींची जीभ आडवीच वळायला शिकली होती. आणि वर हरिदासचा राग. कोण कुठला हा, आणि माझ्या जावयाची तरफदारी करतो?

"नाई येणार!" ते ओरडले. "माहा जावई मी वळखतो! तुम्ही कोण मले सांगणारे?"

"येईन जी. चुकते तुमचं."

"नाई येत म्हणतो न!"

"आज नाई तं उद्या येईन..."

"आज नाई, उद्या नाई! नाई येणार ती!" नत्थूजी खुर्चीतून उठले होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

"कधीच नाई...?" आवाज पहिल्यांदाच हळू झाला. अगदी कानाच्या पाळीशी आला.

"कधीच नाई!"

नत्थूजी वाट पाहत होते, पुढच्या 'नाई जी'ची, पुढच्या मुद्द्याची.

"बरं," आवाज म्हणाला. "तुमचंच खरं, जी."

आणि लाइन गेली.

नत्थूजी मटकन बसले. कपाळावरून घाम निथळत होता, पण छाती कशी भरून आली होती! जिंकले होते ते. त्या वस्तादाला त्यांनी हाव म्हणायला लावलं होतं. माठातलं पाणी पिऊन त्यांनी डबा उघडला आणि ते निवांत जेवायला बसले. शेवटचा घास घेताना त्यांना आठवलं, आपण नेमकं काय जिंकलं ते. हातातला घास त्यांनी परत डब्यात ठेवला.

दार ढकलून गुलाबराव आत आला तो तेव्हाच. डोक्याला शेला गुंडाळलेला, धापा टाकत. एक्स्चेंज सोडून तो कधी बाहेर पडत नसे.

"वर्ध्याचा कॉल होता जी... हरिदासरावांचा. किती येळचा लावून राह्यलो. अन्नपूर्णाबाईले दवाखान्यात नेलं. बिमार आहे लई. बाईले घेऊन लवकर निघा."

दुपारची एसटी सुटून गेली होती. पुढच्या गाडीनं ते निघाले. वाटभर लीलाबाई बंद मुठी मांडीवर ठेवून बसली होती, नत्थूजी खिडकीबाहेर पाहत होते. दवाखान्याच्या पायरीवर हरिदास बसलेला दिसला. लीलाबाईनं त्याला काही विचारलंच नाही, ती तिथंच खाली बसली. मुलगा झाला होता, तोही राहिला नाही.

नंतर एकेक कळत गेलं. त्या सकाळी हरिदासच अनूला म्हणाला होता, चल, आज तुला माहेरी पोचवून देतो, दुपारी बाबांना फोन करून सांगू. तिनं पिशवी भरली. लुगड्यांच्या घड्या घातल्या, वर आईसाठी बांगड्यांचं पुडकं ठेवलं, आणि पिशवी उचलताना एकदम खाली बसली. दवाखान्यात शुद्ध असेपर्यंत ती आई, आई करत होती. दुपारची गाडी मिळाली असती तर लीलाबाई वेळेवर पोचली असती. हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण घरात प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

तेरवी झाल्यावर गुलाबराव दुकानात आला. उभाच राहिला.

"एक विचारू जी? राग धरू नोका. त्या दिवशी तुम्ही कोणाशी भांडत होते?"

"लाइनवर कोणी तरी..."

"लाइनवर मी होतो, नत्थूजी." गुलाबराव खाली पाहत होता. "तुमचा रिसीव्हर उचललेला दिसे, म्हणून मी मधात शिरलो. किती ओरडलो, वर्धा आहे, वर्धा आहे म्हणून. तुम्हाले ऐकूच जाये ना. तुमचा एकट्याचा आवाज. दुसरं कोणी... कोणीच नव्हतं बोलत. तुम्ही म्हणे, नाई येणार, नाई येणार. मंग थांबे, ऐकल्यासारखं. मंग पुन्हा म्हणे..." तो दाराकडं वळला. "मी घरी बाईंले नाई सांगितलं. कोणालेच नाई सांगत."

तो गेला. नत्थूजींनी दार ओढलं आणि ते फोनजवळ आले. मग त्यांनी रिसीव्हर उचलला.

"माही पोरगी गेली," ते म्हणाले.

काही नाही.

त्यांना काय हवं होतं ते सांगायला नको. आयुष्यभर कोणी आपल्याला खरं म्हणावं म्हणून तडफडलेला हा माणूस, आता कोणी तरी खोटं पाडावं म्हणून तडफडत होता. रोज दुपारी ते रिसीव्हर उचलायचे आणि तेच वाक्य म्हणायचे. माही पोरगी गेली. कधी हळू, कधी ओरडून, कधी हात जोडून. "म्हणा न जी नाई! एक डाव म्हणा! चुकते माहं, म्हणा!" गुलाबराव एक्स्चेंजमध्ये ऐकायचा आणि कानावरचं काढून ठेवायचा.

घरी लीलाबाई आता भांडत नव्हती. नत्थूजी म्हणाले भाजी अळणी आहे, तर हाव. भाजी खारट आहे म्हणाले, तरी हाव, तुम्ही म्हणान तसं. तिच्यापुढं त्यांची वाक्यं आता पुरी व्हायची, आणि ती पुरी झाली की घरात ऐकायला काही उरत नसे. हरिदास एकदा येऊन अनूचं सामान ठेवून गेला, परत आला नाही. दुकानातलं गिऱ्हाईक तुटलं. पेरण्या झाल्या, पाऊसही झाला, नत्थूजींना त्याचं काही नव्हतं.

श्रावण लागला होता. पोत्यांना ओल आली होती, भिंती घामेजल्या होत्या. नत्थूजींनी सवयीनं रिसीव्हर उचलला, सवयीनं म्हणाले, "माही पोरगी गेली."

राखेचा वास आला.

"नाई जी," आवाज म्हणाला. "चुकते तुमचं."

खुर्चीच्या हाताला धरून नत्थूजी रडू लागले, पोटातून, लहान पोरासारखे. "मंग कुठी आहे? कुठी आहे जी ती?"

"इथंच बसली आहे. पाणी मांगून राह्यली."

"देजा न तिले... देजा जी..."

"आमच्याइथं नाई पाणी. तुम्ही ठेवजा."

नत्थूजींनी माठातून पेला भरला आणि फोनजवळ ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर पेला कोरडा. घरी गेल्यावर त्यांनी लीलाबाईला विचारलं, शेवटी अनूनं काय मागितलं होतं.

"पाणी," लीलाबाई भिंतीकडं पाहत म्हणाली. "डॉक्टरनं देऊ देल्लं नाई म्हणे. सिस्टरनं सांगितलं."

तेव्हापासून रोज पेला. उन्हाळ्यात आटला म्हणता आला असता, पण त्या श्रावणात दोरीवरचं धोतर दोन दोन दिवस वाळत नव्हतं आणि पेला मात्र रोज रिकामा. नत्थूजी आवाजाला काही विचारत नसत. तिच्याशी बोलू द्या, असंही एकदाच म्हणाले, त्यावर आवाज म्हणाला, "काय बोलान? जावयाबद्दल?" भांडण तर कधीच संपलं होतं. जे सांगेल ते करायचं.

एक दिवस आवाज म्हणाला, "आता दोन ठेवजा जी. लहान्यालेही लागते."

नत्थूजींनी दुसरा पेला ठेवला. संध्याकाळी एक रिकामा, दुसरा भरलेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी रिसीव्हर उचलताच आवाज आला.

"चुकलं तुमचं. एवढ्याशाले पाणी देते का कोणी?"

लाइन गेली. नत्थूजी विचार करत बसले. घरात लीलाबाईला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? अजून तिला काहीच सांगितलेलं नव्हतं, एक शब्द नाही. सांगितलं तर ती वेडी होईल, नाहीतर आपल्याला वेडं ठरवेल. बाहेर पावसाची झिमझिम लागली होती. तेवढ्यात दार सरकलं.

लीलाबाई होती. इतक्या वर्षांत ती दुपारी कधी दुकानात आली नव्हती. डोक्यावरून पदर, पदराखाली काहीतरी जपून धरलेलं. ती सरळ फोनजवळ आली, पदर बाजूला केला आणि भरलेला पेला उचलून तिथं चांदीचं बोंडलं ठेवलं. त्यात दूध होतं.

"हे काऊन आणलं?" नत्थूजी उठून उभे राहिले. "तुले... तुले कोणं सांगितलं?"

लीलाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. अनू गेल्यापासून तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच जुना तिटकारा, जुनी चीड होती.

"सांगाले कायले पाह्यजे?" ती म्हणाली. "एवढ्याशाले पाणी देते का कोणी?"

मग ती गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसली, पाठ भिंतीला लावून, आणि दोघंही फोनकडं पाहत राहिली. पाऊस वाढला. कोणी पापणी हलवली नाही म्हणावं तर ते खरं नाही, कारण दूध कधी संपलं ते दोघांपैकी कोणालाच सांगता आलं नसतं. संध्याकाळ पडायच्या आत नत्थूजींनी हात पुढं केला आणि बोंडलं उचललं. ते रिकामं होतं. चांदी गार पडली होती, पण चोच ओली होती, आणि कोमट.